रिकामी गाडी ढकलू नये

माझ्या नातीसाठी बाबागाडी घ्यायची असं घरात ठरलं तेव्हा तिला तीन वर्षं होऊन गेली होती. एवढ्या मोठ्या मुलीला कुणी बाबागाडी घेत नाही. या वयाची पोरं गाडीतून उतरून पळतात आणि आया रिकामी गाडी घेऊन त्यांच्यामागे धावतात. पण माझा उजवा खांदा धरला होता, हात वेणीपर्यंतही जाईना, आणि तिला कडेवर घेऊन व्यायामाला नेणारी घरात मी एकटीच होते.

ती जन्मली तेव्हा रडली नाही. उशिरा रडली. त्या उशिरात तिच्या मेंदूला इजा झाली असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला एक इंग्रजी नाव आहे. लेक ते नाव पटकन म्हणते, मी म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच, की तिची मान टिकत नाही, पाठ टिकत नाही, आणि दचकली किंवा फार आनंद झाला की ती धनुष्यासारखी मागे ताणते. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. डोळे मात्र सगळीकडे फिरतात. पंखा, भिंतीवरची पाल, शिट्टी झाली की कुकर. शिट्टीला तर ती हसतेच.

मी वर्ध्याकडची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी रीत, पण आमच्या गावात धड दवाखाना नाही, म्हणून मीच पुण्याला आले. बाळानं जरा अंग धरलं की परत जायचं असं मनात होतं. बाळानं अंग धरलंच नाही. गावी माझी वाट बघणारंही कुणी उरलं नव्हतं, तेव्हा राहा म्हणून कुणाला म्हणावं लागलं नाही.

आम्ही धायरीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. घरमालक इथलेच मूळचे. इमारत आहे तिथे त्यांचा कांदा व्हायचा असं मालकीणबाई सांगतात. त्या तळमजल्यावर दारात बसलेल्या असतात आणि मी पोरीला घेऊन उतरले की रोज एकच विचारतात.

"बसाया लागली का?"

"अजून नाही."

"बसंल बसंल. आमचा मधला बी उशिराच बसला."

त्यांनी माळ्यावरून त्यांच्या घरातला पांगुळगाडा काढून दिला होता. तीन चाकांचा, लाकडी, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेला. "आमची समदी पोरं याच्यावरच चालली," असं म्हणाल्या. नाही कसं म्हणायचं? वर आणला आणि गॅलरीत खिळ्याला अडकवला. अजून तिथेच आहे. पावसाळ्यात त्याची चाकं फुगतात आणि उन्हाळ्यात परत सैल होतात.

व्यायामाची जागा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. एक दिवसाआड जायचं. फार लांब नाही, म्हणूनच रिक्षावाले येत नाहीत. तिथल्या मॅडम लेकीपेक्षाही वयानं लहान असतील, पण हात घट्ट. पोरगी कितीही ताणली तरी त्यांच्या हाताखाली हळूहळू सैल पडते. त्यांनी पहिल्या महिन्यातच मला समोर बसवून सांगितलं होतं.

"आजी, खंड पडू देऊ नका. चालणं मी कबूल करत नाही. पण बसू शकेल. आधारानं का होईना, पाठ सरळ करून बसेल. बसली तर हातानं खाईल, समोरचं बघेल. फक्त कंबरेचं हाड जागेवरून सरकायच्या आधी हे व्हायला हवं. एकदा सरकलं की बसणं विसरा."

तेव्हापासून आमच्या घरात सगळं त्या एका बसण्यावर होतं. लेक एका तपासणी लॅबमध्ये काउंटरवर काम करते, जावई हडपसरच्या कारखान्यात. दोघांतल्या एकानं घरी बसावं आणि घर चालावं, असं ते घर नाही. त्यामुळे पोरीचं बसणं माझ्या खांद्यावर होतं, आणि तो खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, उचलायचं नाही. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तिला डाव्या कडेवर घेतलं.

मग बाबागाडीचा विषय निघाला.

रविवारी सकाळी पोहे खाताना लेकीनं मोबाइलवर गाड्या दाखवायला सुरुवात केली. गाड्यांत एवढे प्रकार असतात हे मला माहीत नव्हतं. तीन चाकांच्या, चार चाकांच्या, सूटकेससारख्या घडी होणाऱ्या, बाळाचं तोंड आईकडे असणाऱ्या, बाळाचं तोंड रस्त्याकडे असणाऱ्या.

जावई म्हणाले, "छत्रीसारखी मिटते ना, ती घ्या. म्हणजे बाईकवर मागे बांधता येईल."

"गाडी बाईकवर बांधणार, मग पोरगी कुठे बांधणार?" लेक म्हणाली.

"तिला तू धरशील."

"आणि मी कशाला धरून बसू?"

"मला धर. लग्न कशाला केलंय?"

लेक हसली नाही, पण चमचा ताटलीत जरा हळू ठेवला. तिला आईकडे तोंड असणारी गाडी हवी होती. मला हलकी हवी होती, जिन्याखाली ठेवता येईल अशी. जो तो आपापल्या मनातली गाडी बघत होता. पोरगी चटईवर उताणी पडून पंखा बघत होती.

मॅडमना कशी गाडी हवी ते त्यांनी सांगितलं होतं. बूड घट्ट पाहिजे, झोळीसारखं नको. दोन्ही कुशींना आधार पाहिजे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, पायाखाली फळी, आणि पट्टा मांडीच्या सांध्यावरून. तसल्या गाडीचा फोटोही त्यांनी लेकीला दाखवला होता. लेकीनं फोटो पाहिला, बरं म्हणाली आणि मोबाइल परत दिला.  मोठा रस्ता ओलांडून झाल्यावर बोलली.

"आई, ती गाडी नाही. ती खुर्ची आहे."

"चाकं तर होती."

"चाकाची खुर्चीच आहे ती. एकदा त्यात बसवलं ना, की लोकांना लांबूनच कळेल. आता कसं, गाडीत असली की बाळ आहे. कुणी विचारत नाही."

 आईला आपल्या मुलीच्या मुलीबद्दल काय बोलता येतं? तिला आणखी थोडे दिवस बाळ हवं होतं.

दुकान मोठ्या रस्त्यावरच होतं आणि त्याला लागून पिठाची गिरणी. लेकीची सुट्टी होती, जावई घरी पोरीजवळ होते. आम्ही सकाळी गहू गिरणीत टाकले होते. संध्याकाळी आधी दळण घेतलं आणि मग दुकानात शिरलो. दळणाची पिशवी माझ्या डाव्या हातात. ताजं पीठ होतं, पिशवीला हात लावला तर चटका नाही पण चांगली ऊब लागत होती.

दुकानदार उतारवयाचे, बोलण्यावरून पेठेतले असावेत. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाळ किती महिन्यांचं?"

"दीड वर्षाची आहे," लेक म्हणाली.

मी गाड्यांच्या चाकांकडे पाहिलं. वजनानं ती तेवढीच आहे, हे खरं होतं.

"आणि आहे कुठे ती?"

"घरी. झोपलीय."

"चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जाता का?"

"झोपलीय म्हटलं ना काका."

मी हळूच लेकीला म्हटलं, "उद्या घेऊन येऊ तिला. बसवून पाहू. काहून घाई करतेस?"

"इथे? यांच्यासमोर?" ती तशीच हळू म्हणाली.

दुकानदारांनी एक करड्या रंगाची गाडी बाहेर ओढली. पिवळी किनार, वरच्या छपराला प्लास्टिकची छोटी खिडकी, म्हणजे ढकलणाऱ्याला वरून बाळ दिसावं. लेकीची नजर त्या खिडकीवर थांबली ते मी पाहिलं. दुकानदार चाकं किती हलकी फिरतात ते दाखवायला गाडी पुढेमागे करू लागले. लेकीनं पटकन दांडी धरली.

"काका, रिकामी नका ढकलू."

"म्हणजे?"

"रिकामी ढकलायची नसते. आमच्यात चालत नाही."

"अहो बाई, दुकानात गाड्या रिकाम्याच असतात. भरलेल्या मी विकत नाही."

रिकामा पाळणा हलवू नये हे सगळीकडेच म्हणतात. आमच्याकडे जास्त पाळतात. पोरगी जन्मल्यावर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती तेव्हा घरी पाळणा बांधून तयार होता. येता-जाता धक्का लागून रिकामा हलायला नको, म्हणून मी त्यात वरवंटा ठेवला. तसाही बारशाला आधी वरवंटाच निजवतात. त्याला झबलं घातलं, टोपडं घातलं, कुंची पांघरली. पोरगी घरी येईपर्यंत पाळण्यात वरवंटा निजला होता. लेक तेव्हा असल्या गोष्टींना हसायची. पेटीतून पोरगी घरी आली त्या दिवसापासून हसणं थांबलं. आता माझ्यापेक्षा तीच जास्त पाळते. गाडीला पाळण्याचा नियम लागतो का, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तिनं लावला, आणि तिथं उभं राहून मलाही तो बरोबर वाटला.

तिनं माझ्या हातातली दळणाची पिशवी घेतली आणि गाडीत ठेवली. पोर आणि दळण वजनाला सारखंच, ते माझ्या हाताला रोज कळत होतं. पीठ खाली बसलं, बाजूंनी पसरलं, झोळीसारख्या त्या बुडात अगदी घडवल्यासारखं टेकलं. लेकीनं दोन्ही पट्टे लावले. मग दुकानातल्या कपाटांमधून गाडी पुढे नेली, वळवली, मागे आणली.

"बाई, गाडी घ्यायची आहे का दळण फिरवायचं आहे?" दुकानदार म्हणाले.

लेकीनं ऐकलं नाही. ती छपराच्या खिडकीतून खाली बघत होती.

"बघ आई, कशी छान बसलीय."

पिशवीला ती बसलीय म्हणाली. दुकानदार पुस्तक काढून बिल करायला लागले.

पीठ कसंही बसतं. भांड्यात घाला, भांड्यासारखं बसतं. हे काय मला माहीत नव्हतं? पण त्या दिवशी गाडी घरी येईपर्यंत आम्ही दोघी त्या गाडीच्या मागे चालत होतो, आणि रस्त्यानं येणाऱ्या बायका वाकून आत बघायला जात होत्या, आणि लेक छपरी जरा पुढे ओढून घ्यायची, जशा आया ओढतात. तेवढा रस्ता ती फार सरळ चालली.

दुसऱ्या दिवशी पोरीला गाडीत बसवलं. ती आधी खूश झाली, आणि खूश झाली म्हणून ताणली. ताणली तशी कंबर पुढे घसरली, आणि छातीवरचा पट्टा हनुवटीपर्यंत आला. बाहेर काढली, परत बसवली. टॉवेल गुंडाळून कुशीला लावले. गोधडीची घडी करून बुडाखाली घातली. जावयांनी मांडीवरून ओढणीचा एक जादा पट्टा बांधला. मग ती बसली खरी, पण एका बाजूला कलंडून, डोकं गाडीच्या नळीवर टेकून. लेकीनं तिथे उशी शिवून लावली. पिवळ्या कापडाची, किनारीला शोभणारी.

"सवय होईल तिला," लेक म्हणाली.

पोरीला डाव्या कडेवर घेऊन मी तीन मजले उतरायची. गाडी जिन्याखाली असायची. मालकीणबाई उठून गाडी धरायच्या, मी टॉवेल लावून, गाठी मारून तिला बसवायची. हे होईपर्यंत कपाळावर घाम. मग उतार, मग मोठा रस्ता. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून रस्त्याच्या कडेनंच जायचं. गाडीची चाकं दुकानातल्या फरशीवर जशी फिरत होती तशी इथे फिरत नव्हती.

उतार संपतो तिथे गटाराची एक लोखंडी जाळी आहे. तिच्या पट्ट्यांत पुढचं चाक अडकलं. मागून टेम्पोनं हॉर्न दिला, पोरगी दचकली आणि अशी ताणली की टॉवेल, गोधडी, ओढणी सगळं सोडून खाली सरकली. काखेतल्या पट्ट्यांवर लोंबत राहिली. ती रडली नाही, श्वास धरून माझ्याकडे बघत राहिली. माझा उजवा हात वर जाईना, डाव्यानं गाडी धरलेली. तिथं पेरू विकणारी बाई बसते, तिनं येऊन पोरीला उचललं आणि पायानं चाक सोडवलं. भली बाई. पोरगी माझ्याकडे देताना म्हणाली, "एवढ्या मोठ्या पोरीला गाडी कशाला ओ मावशी? चालू द्या की तिला. लाडावून ठेवता आणि मग पाय उचलत नाय म्हणता."

मी मान हलवली. तिला मी काय सांगणार होते, आणि तिनं ऐकून तरी काय केलं असतं? पोरीला डाव्या कडेवर घेतलं आणि गाडी पोटानं ढकलत पुढे गेले.

मॅडमनी गाडी पाहिली. पोरीला आम्ही कसं बांधतो तेही पाहिलं. रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

"आजी, ही नको. ही झोळी आहे. यात तिची कंबर आणखी वाकडी होते. यात आणण्यापेक्षा न आणलेलं बरं, असं मला म्हणावं लागेल."

मग त्यांनी आतून तिथली खुर्ची आणली, त्या फोटोतल्यासारखी. शनिवारी लेकीलाही बोलावून घेतलं, जावईही आले. पोरीला त्यात बसवलं. कुशींना गाद्या, डोक्याला दोन्हीकडून उशा, पायाखाली फळी. पट्टा सांध्यावर. मॅडमनी हात काढून घेतले.

आणि ती बसली.

मी तिला तोवर कधी तशी पाहिलेली नव्हती. मान जागेवर. हात पुढे मोकळे. ती समोर बघत होती, आणि समोर तिची आई उकिडवी बसली होती. दोघींचे डोळे एका उंचीवर. पोरगी हसली आणि ताणली नाही. लेकीनं तिच्या पायाला हात लावला, फळीवर टेकलेल्या तळव्याला.  मग चाकांकडे बघून विचारलं, "ही मिळेल?"

"एक संस्था देते. अर्ज करू, वेळ लागेल, पण मिळेल," मॅडम म्हणाल्या. "घर कितव्या मजल्यावर आहे तुमचं?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

 जावयांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जरा वेळ धरली आणि हळू खाली ठेवली. "जमेल," ते म्हणाले. त्यांच्या मानेची शीर अजून खाली बसली नव्हती.

"तुम्ही घरी असता तेव्हा जमेल," लेक म्हणाली.

खुर्ची मालकीणबाईंच्या जिन्याखाली ठेवता आली असती. त्या लगेच म्हणाल्याही, "ठेवा की, जागा काय खाऊन टाकायचीय का?" पण पोरीला खाली कोण आणणार? गाडी निवडताना आम्ही सगळ्यांनी रस्त्याचा विचार केला होता, बाईकचा, घडीचा, किनारीचा. जिना मात्र सगळ्यांनी माझ्या कडेवर ठेवला होता, मीसुद्धा. थोड्याच दिवसांत डावा खांदाही बोलू लागला. एकदा जिन्याच्या वळणावर पाय लटपटला आणि मी पोरीला घेऊन पायरीवर बसूनच राहिले. लेक कामावरून आली तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. पोरगी जिन्यातल्या खिडकीकडे बघत होती. लेकीनं तिला उचललं, वर ठेवून आली, मग मला धरून वर नेलं. त्यानंतर पोरीला मला खाली नेऊ देत नाहीत.

तळमजल्यावर घर शोधलं. धायरीत तळमजल्यावर दुकानं असतात नाहीतर पार्किंग. एक खोली पाहिली, पसंत पडली, तर मालक पोरीकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत, त्यांना आवाजाचा त्रास होईल." पोरगी तेव्हा गप्प होती. दुसरीकडे आम्ही तिला न नेता गेलो, तर तिथे आमच्या अनामतीनं भागत नव्हतं.

मधल्या काळात व्यायाम राहिला. गुरुवारी जावयांना सुट्टी, तेव्हा बाईकवर मधे पोरगी, मागे मी, असे जातो. बाकीचे दिवस घरी जमेल तेवढं करते. मॅडमनी दाखवलेलं सगळं मला पाठ आहे, पण माझ्या हातांत तो जोर नाही. पावसाळ्यानंतर तिच्या कंबरेचा फोटो काढला. मॅडमनी तो खिडकीशी उजेडात धरला. आम्ही काही विचारायच्या आधीच त्यांच्या तोंडावर ते दिसलं.

"सरकलंय," त्या म्हणाल्या.

"मग बसण्याचं?" लेकीनं विचारलं.

"आता तिला दुखणार नाही एवढं बघू."

खुर्चीचा अर्ज दिलेला होता, तो तसाच आहे. आली तर येईल. मॅडम म्हणतात, आता त्यात बसवायचं तर आणखी गाद्या लागतील, आणि तेही थोडा थोडा वेळच.

करडी गाडी घेऊन जावई दुकानात गेले होते. दुकानदारांनी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीकडे बोट दाखवलं. जावई म्हणाले, माल चांगला नाही. दुकानदार म्हणाले, "माल उत्तम आहे. तुमचं मूल एकदा..." आणि तिथे थांबले. कदाचित दळणाची पिशवी आठवली असेल.

मग लेकीनं गाडी मोबाइलवर विकायला टाकली. पिवळी उशी उसवून धुऊन टाकली. नऱ्ह्याचं एक जोडपं बघायला आलं, बरोबर मुलाची आई. सूनबाईंचे दिवस भरत आले होते. गाडी त्यांना आवडली. लेकीनं भाव आधीच कमी सांगितला होता. सासूबाई सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "विचारते म्हणून राग मानू नका हं. ज्या बाळाची आहे ते बरं आहे ना? दुसऱ्याचं वापरलेलं घ्यायचं तर धडधाकट लेकराचं घ्यावं, म्हणतात."

"हो, छान आहे," लेक म्हणाली.

तेवढ्यात खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि आतल्या खोलीतून पोरगी हसली. तिचं हसणं ऐकलं की कळतं. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि पदर सावरून उठल्या. "फोन करतो," मुलगा म्हणाला. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

गाडी जिन्याखालीच राहिली. दुचाक्या काढताना मालकांच्या मुलाला ती आडवी यायची.

मला आता जड उचलता येत नाही, आणि गहू तर लागतातच. म्हणून गुरुवारी दुपारी, जावई पोरीजवळ असतात तेव्हा, मी ती गाडी घेऊन गिरणीत जाते. रिकामी ढकलायची नाही, तर जाताना गहू असतात, येताना पीठ. जिन्यातून पिशवी जावई खाली-वर करतात. पट्टे लावते, कारण उतार आहे. ऊन असलं तर छपरी पुढे ओढते, नाहीतर पिशवीवर धूळ बसते. दळण गाडीत बसतं फार सुरेख. जाळीशी आलं की पुढचं चाक उचलून घ्यायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मागच्या गुरुवारी त्या जाळीपाशी एक अनोळखी बाई थांबली. चांगल्या घरची दिसत होती, हातात भाजीची पिशवी. गाडीचं पुढचं चाक तिनंच उचलून दिलं आणि छपरीकडे बघून आवाज हळू केला.

"झोपलंय का?"

"हो," मी म्हटलं.

"झोपू दे मग."

ती गेली. मी मान वर केली तर उतारावर लेक उभी होती. लॅबमधून लवकर सुटली असावी. तिनं ऐकलं होतं का ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. ती जवळ आली, माझे हात बाजूला केले आणि दांडी धरली. आम्ही वर निघालो. अर्ध्या उतारावर तिनं खिडकीतून खाली पाहिलं.

"पट्टा लावलायस."

"घसरते नाहीतर."

 मालकीणबाई दारात नव्हत्या. जिन्यापाशी लेकीनं पट्टे सोडले, दोन्ही हात खाली घालून पिशवी बाहेर काढली आणि छातीशी धरली. पीठ अजून गरम होतं, तिच्या हनुवटीला पांढरं लागलं. मी पुसायला गेले, माझा हात तिथवर पोचला नाही. तिनंच खांद्यानं पुसलं. मग पिशवी पायरीवर ठेवली.

गाडी मधेच उभी होती, जायच्या वाटेत. जिन्याखालचा कोपरा हातभर अंतरावर. नुसता पाय लावला असता तरी गेली असती. लेकीनं वाकून ती दोन्ही हातांनी उचलली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. ढकलली नाही.